पुढच्या चाकाला बत्तीस

फेलिशियासाठी तिच्या आईने जेवढी स्थळं पाहिली असतील, त्याहून जास्त रिमा फेलिशियाने त्या डिसेंबरात पाहिल्या. रिम म्हणजे चाकाची कडी. आत तारा अडकतात, बाहेर टायर बसतो, आणि मध्ये रिम आपली गुपचूप सगळ्यांचा मार खात असते. सायकलवाल्यांखेरीज कुणी तिच्याकडे वळूनही बघत नाही. फेलिशिया मात्र झोपेतून उठल्यापासून तिचाच विचार करायची. स्थळांना तिने नाही म्हणायला एक मिनिट घेतलं नव्हतं, इथे तीन आठवडे झाले तरी हो म्हणता येत नव्हतं.

फेलिशिया वटारची, आगाशीच्या शाळेत खेळाची बाई. वय एकतीस. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात जिल्ह्याच्या संघाची निवड होती, बायकांच्या तीन जागा. शनिवारी डांबरी रस्त्यावरची शर्यत, रविवारी सायक्लोक्रॉस, म्हणजे वाडीतला चिखल, खाडीकाठच्या खाजणाचा बांध, राजोडीची वाळू, मध्ये आडवी टाकलेली फळकुटं, आणि तिथे सायकल खांद्यावर घेऊन पळायचं. दोन्ही दिवसांची वेळ एकत्र मोजायची. नियम असा की सायकल एकच आणि चाकंही तीच, मधल्या रात्री फक्त टायर बदलायची मुभा. गेल्या वर्षी फेलिशिया चौथी आली होती. पुढच्या वर्षी तिला बत्तीस पूर्ण होणार, आणि बत्तीस पूर्ण झालेल्यांना संघ नसतो, फक्त टाळ्या असतात. टाळ्यांचा तिला मनापासून राग होता. तिला ती तिसरी जागा हवी होती, आणि यंदाच हवी होती.

चौथी का आली, हेही तिला पक्कं ठाऊक होतं. बांधावरून वाळूत उतरणारा एक तीव्र उतार होता. तिची जुनी चाकं डुगडुगायची, म्हणून दर फेरीला ती तिथे भिऊन खाली उतरली आणि सायकल हाताने ढकलत नेली. तेव्हा यंदा चाकं नवी घ्यायची, आणि अशी की रस्त्यावर जड पडू नयेत आणि वाळूत दगा देऊ नयेत.

तिचा मामेभाऊ केनी वसईतल्या एका चकचकीत सायकलच्या शोरूममध्ये कामाला होता. त्याने लगेच निकाल लावून टाकला.

"कार्बनच्या घे. पन्नास मिलिमीटर खोल. तुझी डिस्क ब्रेकची सायकल आहे ना? मग ब्रेक रिमला घासतच नाही, रिम झिजायचा सवालच नाही. एकदम रॉकेट आहे, फेली!"

"वापरून बघू दे."

"वापरून काय बघायचंय? सगळे हेच घेतात."

"सगळे तिसरे येतात का?" फेलिशिया म्हणाली आणि नमुन्याची जोडी उचलून घेऊन गेली.

पहिल्या दिवशी ती खरंच उडाली. दुसऱ्या दिवशी दुपारी समुद्रावरून वारा सुटला, आणि कळंबच्या रस्त्यावर त्या खोल रिमांनी तो वारा शिडासारखा अंगावर घेतला. सायकल रस्त्याच्या मधून जी निघाली ती थेट निवडुंगाच्या कुंपणात. फेलिशियाने पोटरीतले काटे काढले आणि कार्बनवर फुली मारली. मग अरुंद रिमा पाहिल्या. त्यांच्यात रस्त्याचा टायर नीट बसे, पण चिखलाचा जाड टायर वळणावर लोळे. फार रुंद पाहिल्या, तर रस्त्याचा टायर वर फेंदारून बसे. शेवटी आतून एकवीस मिलिमीटर रुंद, तीस खोल, ट्यूबशिवाय चालणारी, साध्या अॅल्युमिनियमची रिम तिने नक्की केली. ना फार देखणी, ना फार हलकी. केनीने नाक मुरडलं, पण मागवायला तयार झाला.

"होल किती?" त्याने विचारलं. म्हणजे तारांना भोकं किती.

इथे फेलिशिया अडखळली. रुंदी, खोली, वजन, सगळं तिने स्वतः तपासलं होतं. तारांचं मात्र तिने कधीच पाहिलं नव्हतं, कारण तारांचा माणूस घरातलाच होता.

केनीचा बाप प्लासिड, म्हणजे तिचा सख्खा मामा. मूळचा अर्नाळ्याचा. होडीवर जायचं सोडून त्याने आगाशीच्या बाजारात सायकलचं दुकान टाकलं, त्याला चाळीस वर्षं होऊन गेली. पंक्चर कुणीही काढतं, पण चाकात तारा भरायच्या आणि चाकाचा आऊट काढायचा, म्हणजे डुगडुग घालवून ते सरळ करायचं, तर प्लासिडकडेच जायचं, असं विरारपर्यंतचे लोक म्हणत. पाववाले, दूधवाले, मासळीच्या पाट्या लादून नेणारे, सगळ्यांची चाकं त्याच्या हातची. भरलेलं एकही चाक परत आलं नाही, हे तो दर रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, सुटल्यावर देवळाच्या आवारात कुणाला ना कुणाला ऐकवायचाच. ऐकणारेही मान डोलवायचे, कारण ते खरं होतं.

"मागं बत्तीस, पुडं चोवीस," मामाने क्षणात सांगितलं. "आनि पुडच्या तारा सरळ. शर्यतीचं चाक तसंच भरायचं."

"पुढे कमी का?"

"पोरी, सायकलचा भार मागं असतो. पावाची पाटी कुटं बांदतात? दुदाचे कॅन कुटं? मागं! पुडचं चाक नुसतं वळायला. जुन्या सायकलींना मागं चाळीस तारा नि पुडं बत्तीस येत, ते काय येडे होते?"

फेलिशियाला ते पटलं. पटलं म्हणजे तिने विचारच केला नाही. मामाचं म्हणणं आणि देवळाची घंटा, दोन्हींवर शंका घ्यायची त्यांच्या घरात पद्धत नव्हती.

रिमा आल्या. मामाने त्या दुकानातल्या कडाप्प्यावर आडव्या ठेवल्या आणि कुठे फट दिसते का ते डोळा बारीक करून पाहिलं. बाजूवरून अंगठा फिरवला. "हिला ब्रेकची पट्टी नाय," असं संशयाने म्हणाला. मग दोन दुपारी बसून त्याने चाकं भरली. पुढचं चाक इतकं देखणं झालं की रस्त्याने जाणारे थांबून बघत. हबपासून, म्हणजे चाकाच्या मधल्या नळीपासून, रिमपर्यंत चोवीस सरळ तारा, एकही दुसरीला ओलांडत नव्हती. फेलिशिया हरखून गेली.

शर्यतीला बारा दिवस राहिले असताना ती पहाटे राजोडीला गेली, त्याच उतारावर. या वेळी उतरायचं नाही, असं ठरवून गेली. वेगात आली, वाळू जवळ आली, तिने पुढचा ब्रेक दाबला. आधी एक टणत्कार झाला, मग लागोपाठ दोन. हँडल हातातून निसटलं, आणि फेलिशिया कोपरावर घसरत वाळूत जाऊन पडली.

तीन तारा तुटल्या होत्या. तिन्ही डाव्या बाजूच्या, जिकडे डिस्क होती त्या बाजूच्या.

तिने तिथेच वाळूत बसून फोटो काढला आणि केनीला पाठवला. दोन मिनिटांत त्याचा फोन आला.

"डिस्कच्या चाकाला सरळ तारा? चोवीस होल मागितलेस तेव्हाच खटकलं होतं मला. पप्पाने असं केलं?"

"मग कसं करायचं असतं?"

"अगं, साध्या ब्रेकमध्ये रबर रिमलाच पकडतं. इथे डिस्क हबला पकडते. हब थांबला तरी रिम पुढे पळायला बघते, तिला ओढून धरतात त्या फक्त तारा. तारा एकमेकींना ओलांडून भरल्या तरच त्या ओढ घेतात. सरळ तारा तुटणारच. आणि जोराचा ब्रेक म्हणजे पुढचाच ब्रेक."

"हे तुला आधी माहीत होतं?"

"हो म्हणजे... शोरूममध्ये शिकवतात हे."

"मग माझं चाक भरताना बोलला का नाहीस?"

"मी भरताना पाहिलं कुठे? आणि तो मला विचारतो का कधी?" केनीचा आवाज खाली आला. "दहावीत होतो तेव्हा एकदा बोललो, तुझ्या पान्ह्याचं माप चुकलंय म्हणून. चार लोकांसमोर त्याने मला दुकानातून बाहेर काढलं. त्यानंतर मी त्या दुकानात सायकलबद्दल तोंड उघडलं नाही. तू असं कर ना, कार्बनची जोडी घेऊन जा. तयार आहे."

सोपं होतं. कार्बनची जोडी लावायची, मामाला काहीबाही सांगायचं, घरात शांतता राहिली असती. पण निवडीच्या दिवशी वारा सुटला तर पुन्हा निवडुंग, आणि फेलिशियाला घरातली शांतता नको होती, तिसरी जागा हवी होती. तिने शोरूममधून नमुन्याचं एक पुढचं चाक तेवढं मागून आणलं, सायकलला लावलं, तुटकं चाक दुसऱ्या हातात धरलं आणि सरळ मामाच्या दुकानासमोर जाऊन उभी राहिली.

मामाने तुटक्या चाकाकडे पाहिलं. त्याचा चेहरा असा झाला की फेलिशियाला क्षणभर वाटलं, कशाला आणलं आपण हे. मग तो सावरला.

"तारा खराब आल्या."

"तारा चांगल्याच आहेत, मामा. तूच निवडल्यास."

"मग तू ब्रेक जोरात मारतेस. असा मारतात काय? बायकांना सायकलीचा हात..." तो थांबला, कारण भाचीचे डोळे त्याने पाहिले.

"ब्रेक जोरात मारायचाच आहे मला. त्यासाठीच घेतलाय तो." फेलिशियाचा आवाज चढला. समोरच्या बेकरीतली दोन माणसं बाहेर येऊन उभी राहिली. "तू बस सायकलवर."

"मी?"

"डिस्कवर बसलायस कधी? नाही ना? बस. देवळाच्या उतारावरून खाली जा आणि पुढचा ब्रेक दाब. मग सांग मला भार कुठे असतो ते."

अडुसष्ट वर्षांचा प्लासिड. चार लोक बघतायत म्हटल्यावर नाही म्हणायची सोय नव्हती. त्याने लुंगी खोचली, पाय टाकला आणि उतारावरून निघाला. माणूस अजून ताठ चालवायचा, हे मान्य करायला हवं. खाली पोचला आणि जुन्या सायकलीचा ब्रेक जसा मूठभर जोराने आवळतात तसा त्याने आवळला. सायकल जागच्या जागी थिजली. मागचं चाक हातभर हवेत उठलं, मामा हँडलवर छातीने आदळला आणि नशिबाने दोन्ही पायांवर उतरला. बेकरीवाले खो खो हसले. फेलिशिया धावत खाली गेली.

मामा हसत नव्हता आणि रागावलेलाही नव्हता. सायकल धरून तो मागच्या चाकाकडे बघत होता. ते अजून हळूहळू फिरत होतं.

"मागचं उचललं," तो म्हणाला.

"हो."

"म्हंजे भार सगला पुडं आला."

"हो, मामा."

त्याने सायकल ढकलत वर आणली, तिला एकदाही हात लावू दिला नाही. दुकानात स्टुलावर बसला. फेलिशियाला त्याची दया आली, पण ती जागची हलली नाही. आता मऊ पडलो तर चाक होणार नाही, हे तिला कळत होतं.

"चाळीस वर्सं चाकं भरली," तो शेवटी म्हणाला. "मला सांगायला कोन आलं नाय."

"केनीला ठाऊक होतं."

"मग बोलला नाय तो?"

"तू विचारलंस कधी?"

हे असं तोंडावर बोलणं त्यांच्यात बसत नव्हतं. मामाने तिच्याकडे पाहिलं आणि ती नजर खाली न घालता उभी राहिली. मग त्याने गल्ल्यावरचा मोबाइल उचलला, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि नंबर लावला. फोन लागेपर्यंत त्याचा अंगठा मांडीवर वाजत होता.

"केनी? मी बोलतो." तो थांबला. त्याने भाचीकडे पाठ केली. "बाबा, डिस्कच्या पुडच्या चाकाला तारा किती घालायच्या?"

पलीकडून केनीचा आवाज दुकानात सगळ्यांना ऐकू आला. "अठ्ठावीस चालतील, पप्पा. पण तिथे वाळू आहे, तू बत्तीसच घाल. दोन्ही बाजूंनी, प्रत्येक तार तीन तारा ओलांडून."

"मागच्यासारखंच."

"हो, पप्पा. मागच्यासारखंच."

"मग बत्तीस होलाची रिम हाय काय तुज्याकडं? हीच, अॅल्युमिनियमची?"

"उद्या घेऊन येतो. हबपण आणतो."

"ये," मामा म्हणाला. "जेवायलाच ये."

दुसऱ्या दिवशी केनी आला. बाप-लेक स्टुलावर समोरासमोर बसले आणि मध्ये चाक. एकमेकांशी फार बोलले असं नाही. केनी तारेची लांबी सांगायचा, मामा हूं म्हणायचा. एकदा केनी म्हणाला, "ही तार वरून नको, खालून ने," आणि फेलिशियाने मामाकडे पाहिलं. मामाने तार बाहेर काढली आणि खालून नेली. तारा रिममध्ये आवळायचे पितळी निपल मात्र मामाने आपले घातले, कारण खाऱ्या वाऱ्यात दुसरे सडतात, हे शोरूममध्ये शिकवत नसावेत. केनीने ते मुकाट्याने ऐकून घेतलं.

पुढचे दहा दिवस फेलिशिया रोज पहाटे उतारावर जाई. पहिल्या दिवशी ती वरूनच परत फिरली. दुसऱ्या दिवशी ती अर्ध्यात उतरली आणि स्वतःवरच संतापून पुन्हा वर गेली. पाचव्या दिवशी न उतरता खाली आली. नवव्या दिवशी ब्रेक कुठे दाबायचा ती जागा तिला डोळे मिटूनही सापडली असती. तारा चढवून घ्यायला ती रोज शाळा सुटल्यावर दुकानात जाई. मामा चाक फिरवी, कान लावी, चावीने पाव फेरा देई आणि काही न बोलता परत करी.

शनिवारी रस्त्याच्या शर्यतीत ती चौथी आली. तिसरी आली प्रियल, विरारची, तिच्याहून आठ वर्षांनी लहान आणि दोन सेकंद पुढे. म्हणजे रविवारी दोन सेकंद भरून काढायचे आणि वर एक तरी मिळवायचा.

रविवारी पाच फेऱ्या होत्या. मामा येणार म्हणाला होता, पण सुरुवातीच्या गर्दीत तिला तो दिसला नाही. केनी होता, पाण्याची बाटली घेऊन धावत होता आणि घसा फोडून ओरडत होता. चिखलात प्रियल पुढे जायची, फळकुटांवरही तीच चपळ. पण बांधावरचा उतार आला की प्रियल उतरायची, सायकल ढकलायची. फेलिशिया उतरत नव्हती. पहिल्या फेरीत तिने तिथे दोन सेकंद मिळवले, दुसऱ्या फेरीत दोन. तिसऱ्या फेरीत चिखलात पडली आणि सगळे गमावले. तोंडात माती, कोपरावरची जुनी जखम उघडी. ती उठली, शिवी हासडली, जी खेळाच्या बाईने हासडू नये, आणि पुन्हा निघाली. चौथ्या फेरीत तीन सेकंद, कारण आता ती ब्रेक आणखी उशिरा दाबत होती.

पाचव्या फेरीला प्रियल बांधावर तिच्या पुढेच होती. फेलिशियाने मनाशी म्हटलं, हिच्या बाजूने जायचं तर ब्रेक आत्ता नाही. अजून नाही. प्रियल सायकलवरून उतरली. अजून नाही. वाळू समोर उभी राहिल्यासारखी वाटली, तेव्हा तिने दोन बोटांनी पुढचा ब्रेक आवळला. सगळा भार हातांवर आला, मागचं चाक हलकं झालं, आणि पुढचं चाक तिला धरून राहिलं. ती प्रियलच्या शेजारून खाली उतरली आणि वाळूत पायडल मारत सुटली. मागे वळून तिने पाहिलंच नाही.

शेवटी वेळा मोजल्या गेल्या. रेषेवर ती प्रियलच्या चार सेकंद आधी पोचली होती, म्हणजे दोन्ही दिवस मिळून दोन सेकंदांनी तिसरी. केनीने तिला सायकलसकट उचलायचा प्रयत्न केला, तो अर्थातच जमला नाही.

"मामा कुठे आहे?" तिने विचारलं.

"सकाळपासून नाही दिसला."

तिला कुठे शोधायचं ते एकदम कळलं. सायकल ढकलत ती बांधाकडे परत गेली. मामा उताराच्या तळाशी, दोरीच्या पलीकडे, एकटाच उभा होता. तिथून शेवटची रेषा दिसत नव्हती आणि कर्ण्यावरची नावंही वाऱ्यात ऐकू येत नव्हती. उन्हाने त्याचा चेहरा काळवंडला होता.

"कितवी?" त्याने विचारलं.

"तिसरी, मामा. तिसरी आले मी!"

त्याने मान हलवली, पण त्याची नजर चाकावर होती.

"मी तुला बगितलंच नाय," तो म्हणाला. "तुटलं तर इतंच तुटनार, म्हनून इतं उबा होतो. पाच वेळा आलीस. शेवटच्या वेळी येवड्या जोरात आलीस की माजे डोलेच मिटले. मग नुसते कान दिले."

"काय ऐकलंस?"

"कायच नाय," मामा म्हणाला, आणि दोरीवरून वाकून त्याने पुढच्या चाकाच्या तारांवर बोट फिरवलं. "पोरी, कायच आवाज आला नाय."

फेलिशियाने सायकल वाळूत आडवी टाकली, दोरी ओलांडली आणि चिखलाच्या हातांनीच त्याला मिठी मारली.